ढिगात हात घालून पाहावा



कवीला माईकसमोर बसवले की तो कवितेवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी जुन्या मोटारीवर बोलणार आहे. लहान, चार-पाच माणसे बेताने मावणारी, मागचे दार वर उघडणारी, जिला आता सगळेच हॅचबॅक म्हणतात, ती मोटार. मी बी.ए. झालेला माणूस. इंजिनाच्या विषयात मला कुणी पास केलेले नाही. पण आजवर मी दोन जुन्या गाड्या घेतल्या आणि एक विकली. पहिली घेताना फसलो आणि तीच विकताना दुसऱ्याला फसवले. दोन्ही बाजूंनी परीक्षेला बसलेला माणूस, एवढीच माझी पात्रता. फसलो ते आधी सांगतो. फसवले ते शेवटी सांगेन.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. ती गाडी तयार करणे 2014 साली बंद झाले. मधल्या काळात झेन, सँट्रो, इंडिका, वॅगन आर, अल्टो अशा गाड्या आल्या. काही गेल्या, काहींनी रूप बदलले. आमच्या नांदेड-लातूरकडे मात्र साध्या नोकरदाराच्या दारात येणारी पहिली गाडी बहुधा कुणीतरी वापरलेलीच असते. पुण्यात, मुंबईत किंवा हैदराबादेत तिचे तारुण्य जाते आणि मग ती आमच्याकडे नांदायला येते. म्हणून तिला पारखायचे कसे, हा प्रश्न आमच्याकडे घरोघरचा आहे.

तसे पाहिले तर पारख आम्हाला नवी नाही. नांदेडहून लातूरला निघालात की लोह्यानंतर माळेगाव लागते. तिथली खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. लाल कंधारी आणि देवणी ही आपल्याच दोन जिल्ह्यांची जनावरे. बैल घ्यायला आलेला शेतकरी शिंगांच्या रंगाला भुलत नाही. तो तोंड उघडून दात मोजतो, खूर उचलून पाहतो, बैलाला चार पावले चालवतो, गाडीला जुंपून बघतो. मग दस्तीखाली बोटे धरून भाव होतो. हाच शेतकरी, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, मोटार घ्यायला गेला की सीटकव्हर बघून पैसे मोजून येतो. बैलाचे दात मोजणारे आपण, गाडीपुढे इतके भोळे कसे होतो?

माझे अब्बा लातूरच्या मोंढ्यात हमाल होते. पोत्याच्या तोंडाशी चांगली तूर आणि पोटात किडकी, हा प्रकार त्यांनी जन्मभर पाठीवर वाहिला. म्हणून अडतीत पोत्यात लोखंडी नळी खुपसून आतला दाणा बाहेर काढून बघतात. अब्बा आम्हा भावंडांना एक गोष्ट सांगत. पैगंबरसाहेब एकदा बाजारातून चालले असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. आत बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर पैगंबरसाहेबांनी त्याला विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. अब्बा गोष्ट इथेच थांबवत. ही गोष्ट ऐकून मोठा झालेला मी 2006 साली ढिगात हात न घालता गाडी घेऊन आलो.

झाले असे की संध्याकाळची वेळ होती. विकणाऱ्याच्या अंगणात ट्यूबलाइट लावलेली, गाडी नुकतीच धुतलेली. मी दार उघडून बसलो आणि त्याने टेप सुरू केला. माझ्या आवडीची गझल लागली. आवाज इतका सुरेख की मी बाकी काही विचारलेच नाही. पहिल्या पावसात पायाशी पाणी आले. देगलूर नाक्याकडे माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी पायाखालचे मॅटिंग उचलले, गंजून चाळण झालेला पत्रा मला दाखवला आणि म्हणाले, "भाईजान, तुमने गाडी नहीं, गझल खरीदी है."

ती गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली होती. कुठल्या पाण्यात, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत, ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै 2021 मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण चित्रांतून पाहिले. पाणी ओसरते, गाड्या पुसून वाळवल्या जातात आणि त्यातल्या काही दूरच्या गावी गिऱ्हाईक शोधतात. म्हणून पहिला धडा पाण्याचा. काचा बंद करून दोन मिनिटे आत बसा. कुबट वास येतो का? की तो झाकायला अत्तरासारखे काही मारले आहे? मॅटिंग उचला. सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते, ते रूळ गंजलेले आहेत का बघा. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढा. लोक गाडी धुतात, पण गुंडाळीत राहिलेला बेल्ट धुवायचे विसरतात. तिथे गाळाची रेघ असेल तर पाणी कुठवर चढले होते ते समजते. मागे स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यातही हात फिरवा.

बाकीचे धडे उस्तादांनी पुढे मला चहाच्या पेल्यांवर दिले. ते जसे ऐकले तसे सांगतो.

गाडी बघायला सकाळी उजेडात जावे. आदल्या दिवशीच मालकाला सांगावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळवा ठेवावा. ते गरम लागले तर का गरम आहे ते विचारावे. रात्रभर थंड पडलेले इंजिन खरे बोलते. तापवून ठेवलेले इंजिन मालक सांगेल ते बोलते.

इंजिन थंड असतानाच ऑइलचे झाकण उघडावे. आतल्या बाजूला ताकासारखा पांढुरका दाट फेस दिसला तर इंजिनातले पाणी तेलात मिसळत असण्याचा संभव आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेलेले असू शकते. हे लहान काम नव्हे. हेड उतरवावे लागते. मग रेडिएटर बघावा, तोही थंड असतानाच. आत रंगीत कूलंट आहे की तांबूस पाणी? आमच्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. अशा भागात बोअरचे जड पाणीच हाताशी असते आणि माणसे तेच रेडिएटरमध्ये ओततात. चहाच्या भांड्याला जशी खार चढते तशी ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढते. नळ्या तुंबतात आणि मे महिन्यात गाडी उकळते.

मग गाडी सुरू करायला सांगावी आणि आपण मागे जाऊन धूर बघावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन जाते, तिची काळजी नको. पण दाट पांढरा धूर येतच राहिला तर पुन्हा त्या हेड गॅस्केटचीच शंका घ्यावी.

पत्र्यासाठी उस्ताद खिशात लहान लोहचुंबक ठेवतात. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते दस्तीत गुंडाळून दारांवरून, चाकांच्या वरच्या कमानीवरून फिरवतात. पत्र्यावर चुंबक धरते. जिथे ते एकाएकी सुटते, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. बंपर मुळातच प्लास्टिकचे असते, तिथे हा प्रयोग करू नये. मी तो एकदा केला आणि उस्ताद पोट धरून हसले. दारे आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, हेही बघावे. एखादे दार खरचटून पुन्हा रंगवलेले असेल तर बिघडत नाही. पण बॉनेटखाली, रेडिएटरच्या आजूबाजूच्या पत्र्याला वेल्डिंग दिसले तर गाडी समोरून जोरात धडकलेली असू शकते. तिथून परत फिरलेले बरे.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. 2319 असे असेल तर ते टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे असू शकते. पुढचे टायर एकाच कडेने घासलेले असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचे दुखणे धरावे. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. तो मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग चकाकणारे, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलेली आणि मीटरवर तीसच हजार किलोमीटर, असे असेल तर कोण खोटे बोलते ते आपणच ठरवावे. सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. त्यांवर तारखेबरोबर किलोमीटरही लिहिलेले असतात.

आणखी एक गोष्ट, जी हसण्यावारी नेऊ नये. स्वस्त पडते म्हणून स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीत लावणारे महाभाग आपल्याकडे आहेत. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारे आहे. विकताना सिलिंडर काढतात, पण मागच्या तळाला पाडलेली भोके आणि खालून गेलेल्या नळीच्या पट्ट्या राहून जातात. गाडीला गॅसचे रीतसर किट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर असलीच पाहिजे.

आता चालवून बघणे. गल्लीतली एक फेरी पुरत नाही. पंचवीस-तीस किलोमीटर तरी जावे, एसी लावून, शक्यतो भर दुपारी. तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिर राहिला पाहिजे आणि पंखा वेळेवर सुरू झाला पाहिजे. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवावे. चाकाकडून कटकट आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट गेलेले. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित सैल सोडून बघावे, गाडी एका बाजूला ओढते का. ब्रेक दाबल्यावर ओढते का. प्रत्येक गिअर टाकावा, रिव्हर्ससुद्धा. गाडी थांबवून, पुढे-मागे कुणी नाही हे बघून, हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते घुरघुरत चालूच राहिले तर क्लचप्लेट संपत आलेली आहे.

गाडी पसंत पडली तरी कागद बघेपर्यंत इसार देऊ नये. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. आमचा नांदेड जिल्हा तेलंगणाला लागून आहे, त्यामुळे तिकडच्या नंबरच्या गाड्या स्वस्त म्हणून मोह घालतात. तशी गाडी घेतली तर तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर आणि नवा नंबर हा खर्च भावात धरावा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तिचे शुल्क एप्रिल 2022 पासून बरेच वाढलेले आहे आणि वर पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, हे लक्षात यावे. विमा चालू आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हेही आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते.

हे झाले घेणाऱ्यासाठी. विकणाऱ्यानेही एक ऐकावे. पैसे हातात आले, किल्ली दिली, की आपला संबंध संपला असे पुष्कळांना वाटते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट केले की परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. ते वाहन पुढे हातोहात विकले गेले होते, तरी भरपाईची जबाबदारी दफ्तरी नाव असलेल्यावरच आली. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे असते. विमाही 14 दिवसांत घेणाऱ्याच्या नावावर करायचा असतो. 'नंतर करू' म्हणून सही केलेले कोरे फॉर्म कुणाच्या हाती देऊ नयेत.

आता कबूल केलेली शेवटची गोष्ट.

माझ्या त्या गझलवाल्या गाडीचा तळ उस्तादांनी नवा पत्रा मारून नीट करून दिला. मी ती तीन वर्षे चालवली, बोअरचे पाणी ओतून ओतून. 2009 च्या उन्हाळ्यात ती तापू लागली. उस्ताद म्हणाले, हेड गॅस्केट जातेय, हेड उतरवावे लागेल. खर्च ऐकून मी गाडी विकायचे ठरवले. उस्ताद एवढेच म्हणाले, "सांगून विका."

घ्यायला अहमदपूरकडचा एक तरुण आला. आठवडी बाजारांत कपड्याचे दुकान लावायचा. मला 'चाचा' म्हणाला. तो येण्याआधी मी ऑइलचे झाकण पुसून ठेवले होते, रेडिएटर काठोकाठ भरला होता, गाडी धुतली होती. आणि हो, टेपही सुरू केला होता. त्याने तीन-चार किलोमीटरची फेरी मारली. तेवढ्यात काटा चढत नाही, हे मला ठाऊक होते. त्याने विचारले, "चाचा, गाडीत काही काम?" मी म्हणालो, "काही नाही बेटा." खोटे बोलायला मला तीन शब्द पुरले.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन गाडी न्यायला आला. दुपारी त्याचा फोन. माळेगावच्या पुढे गाडीतून वाफ निघत होती. तो तक्रार करत नव्हता. तो मला विचारत होता, "चाचा, काय करू?" त्याला अजून वाटत होते की मी त्याच्या बाजूचा माणूस आहे. मी म्हणालो, थोडे थांब आणि पाणी टाक. झाकण गरम असताना उघडू नको, हे सांगायला मी विसरलो, कारण फोन लवकर संपावा एवढेच माझ्या मनात होते. त्याने फडके धरून झाकण फिरवले. आतले उकळते पाणी उसळले आणि त्याचा उजवा तळवा भाजला.

हे मला चार दिवसांनी उस्तादांकडून कळले. मी उस्तादांना घेऊन अहमदपूरला गेलो. हेडचे काम करून दिले. त्याच्या दवाखान्याचे पैसेही दिले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "चाचा, तुम्हाला माहीत होतं का?" मी हो म्हणालो. त्याच्या आईने चहा आणला होता. तो घशाखाली उतरेना. पैसे त्याने मोजून घेतले, डाव्या हाताने. त्यानंतर त्याने मला कधी फोन केला नाही, आणि तेच बरोबर होते.

दुसरी गाडी मी लातूरच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतली. मी लोहचुंबक बाहेर काढण्याआधीच गुरुजींनी वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिले होते : दुसरा गिअर खरखरतो, एसी दुपारी कमी पडतो, डावे मागचे दार रंगवलेले आहे, टायर दोन बदलावे लागतील. मला म्हणाले, "तुमचा माणूस आणून बघून घ्या. आणखी काही सापडलं तर मलाही सांगा." उस्तादांनी तासभर तपासले. कागदावर होते त्यापेक्षा जास्त काही निघाले नाही. टायरांचे पैसे वजा करून आमचा व्यवहार दहा मिनिटांत झाला. तो कागद अजून माझ्या गाडीच्या कप्प्यात आहे. आणि दुसरा गिअर अजून खरखरतो. पण मला तो ठाऊक आहे, म्हणून त्याचा त्रास होत नाही.

श्रोतेहो, जुनी गाडी आहे म्हटल्यावर तिच्यात दोष असणारच. घ्यायला जाल तेव्हा सकाळी जा, सोबत जाणता माणूस न्या, आणि ढिगात हात घालून पाहा. आणि विकायला काढाल तेव्हा तिचे दोष एका कागदावर लिहून काढा. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या. चार-पाच हजार कमी येतील. पण भर दुपारी माळेगावच्या पुढून कुणाचा फोन आला, तर तो निर्धास्तपणे उचलता येईल.

खुदा हाफिज. नमस्कार.